राहिलेला पालट

आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या वादविवादाला एक नियम होता. तो मी पुढे कुठल्याच शाळा-कॉलेजात पाहिला नाही. पहिल्या फेरीत चिठ्ठीत जी बाजू येईल ती सात मिनिटं मांडायची. दोघंही बोलून झाले की पाळकसाहेब उठून म्हणायचे, ‘पालट’. मग त्याच दोघांनी खुर्च्या बदलायच्या आणि आत्ता ज्या बाजूवर तुटून पडलो तीच बाजू सात मिनिटं मांडायची. दोन्ही बाजू जो सारख्याच पोटतिडकीने मांडेल त्याला ढाल. पहिल्या फेरीत कुणी कुणाला कितीही सोलून काढलं तरी त्याचा राग कुणी धरत नसे, कारण पालट यायचाच असे.

ती ढाल सलग तीन वर्षं आमच्या घरी होती. आई दर शनिवारी स्टीलच्या भांड्यांबरोबर ती पण पुसायची आणि पाहुणे आले की काही कारण काढून शोकेसची काच सरकवायची. मी शाळेत मराठी शिकवत होते, वय सव्वीस-सत्तावीस, जीभ तलवारीसारखी आणि डोक्यात हवा. मला हरायला अजिबात आवडत नसे. आजही आवडत नाही.

आता मुद्द्याचं सांगते. मला मुली आवडत. हे मला अकरावीत कळलं, चर्चच्या शिबिरात. गीतपुस्तकं कमी होती म्हणून दोघींत एक मिळालं. शेजारच्या मुलीने पान उलटताना तिचा हात माझ्या हाताला लागला आणि मी तीन कडवी नुसते ओठ हलवत उभी राहिले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. आणि दहा मिनिटांत इतकी भीतीही कधी वाटली नव्हती, कारण बायबलमधली कुठली पानं मला उद्देशून आहेत ते मला लहानपणापासून संडे स्कूलने पाठ करून दिलं होतं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा या विषयाला आमच्याकडे साधा शब्दसुद्धा नव्हता, जो होता तो शिवीसारखा होता.

त्यानंतर दर महिन्याचा पहिला रविवार माझ्यासाठी परीक्षेचा. त्या दिवशी प्रभुभोजन असायचं, म्हणजे मेजावरची भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी घ्यायचा. आदल्या दिवशी पाळकसाहेब सांगायचे, प्रत्येकाने स्वतःला तपासून मगच मेजाकडे यावं. मी तपासायचे आणि दर वेळी नापास व्हायचे. तरी जायचेच. आमचं नाशिकचं चर्च सत्तर-ऐंशी घरांचं. प्रभुभोजनाला एखादा बाकावरच बसून राहिला तर दुपारच्या जेवणाआधी त्याची बातमी सगळ्या घरी पोचत असे. म्हणून मी दर महिन्याला भाकर घेतली आणि वीज पडायची वाट पाहिली. ती पडली नाही, म्हणजे पुढच्या महिन्यावर गेली असणार, असं मी धरून चालले होते.

दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांत एका रविवारी पाळकसाहेबांनी सूचना वाचताना चष्मा वर-खाली केला आणि सांगितलं की परदेशातल्या मंडळ्यांमध्ये समलिंगी माणसांवरून मोठा वाद पेटला आहे, चर्चेस फुटायची वेळ आली आहे, तेव्हा आपणही विचार करून ठेवलेला बरा. व्यासपीठावरून तो शब्द उच्चारला गेला. माझ्या अंगावर काटा आला. दहा वर्षं मी जे एकटीने चघळत होते ते साहेब दूधवाल्याच्या संपाची सूचना द्यावी तसे सांगत होते.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या बंगल्यावर धडकले आणि यंदाच्या वादविवादाला हाच विषय घ्या म्हणून हटून बसले. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्या पंचांनी नाकं मुरडली. आई म्हणाली, आपल्याकडे असलं काही नसतं, पण बोलायला काय जातंय, आणि कार्यक्रमाच्या चिवड्याची यादी करायला बसली. शेवटी साहेबांनी विषय ठरवला: मोह हेच पाप आहे काय, समलिंगी आकर्षणाच्या संदर्भात. एखाद्याच्या मनात अशी ओढ उठली, त्याने केलं काहीच नाही, तर तो पापी ठरतो की नाही, एवढाच प्रश्न. माझ्यासाठी तेवढ्यात सगळं आलं.

दीड महिना मी हवेत होते. शाळा सुटली की स्कूटी थेट साहेबांच्या अभ्यासिकेसमोर. जाडजाड भाष्यग्रंथ उपसले, साहेबांना भंडावून सोडलं. दोन वह्या केल्या. ‘पापच आहे’ या बाजूची वही बारीक होती. ‘पाप नाही’ची वही इतकी जाड झाली की तिला सुतळी बांधावी लागली. चिठ्ठी उघडली तर माझ्याकडे आधी ‘पापच आहे’. मी नाचायचीच बाकी होते, कारण पालटानंतर माझी खरी बाजू सगळ्यांत शेवटी येणार, आणि लोक तीच कानात घेऊन घरी जाणार. मला माझ्याबद्दल एक अक्षर न बोलता माझ्याबद्दल सगळं बोलता येणार होतं.

इथे काकांची ओळख करून द्यायला हवी. ते कुणाचेच सख्खे काका नव्हते, सगळ्या चर्चचे काका. मूळचे नांदगावकडचे, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर, पन्नाशीला आलेले, अविवाहित. मुली सुचवून सुचवून बायका दमल्या होत्या. मेजाची सगळी सेवा त्यांच्याकडे. शनिवारी मनुका उकळून द्राक्षरस करायचा, पांढरं कापड इस्त्री करायचं, रविवारी सकाळी भाकरीचे एकसारखे चौकोनी तुकडे कापायचे आणि प्रार्थनेनंतर ते ताट एकेकापुढे न्यायचं. कारखान्यात मायक्रोमीटर धरणाऱ्या हातांनी कापलेले तुकडे, त्यात लहानमोठा सापडत नसे. वादविवादाची वेळही तेच पाहायचे. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, शेजारी पितळी घंटा. सात मिनिटं झाली की टण्. एकदा त्यांनी पाळकसाहेबांनाही शब्दाच्या मधोमध तोडलं होतं.

वादविवादाच्या शनिवारी हॉल आम्हाला साडेपाचपर्यंतच मिळाला होता, नंतर कुणाचा तरी साखरपुडा होता. परीक्षक विंचूरहून यायचे होते, ते कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकले. चारचा कार्यक्रम पाच वाजता सुरू झाला. समोरचा वक्ता वकिलीच्या पहिल्या वर्षाला होता. तो बिचारा ‘पाप नाही’ची बाजू कायद्याच्या कलमासारखी वाचून खाली बसला. मग मी उठले.

माझा बेत खरोखर साधा होता. पहिली फेरी बेताची करायची, दम पालटासाठी राखायचा. पण दुसऱ्याच वाक्याला हशा पिकला. मी म्हटलं होतं, घरात उंदीर शिरला तर त्याने अजून धान्य खाल्लं नाही म्हणून तुम्ही त्याला अंथरूण घालून देता का? मागच्या बाकावरून टाळी आली आणि माझ्या अंगात आलं. मग मी थांबेच ना. ज्या मनात ही ओढ उठते ते नासलेलं दूध आहे, वर कितीही साखर घाला, म्हटलं. लोक पुढे सरकून ऐकत होते. आणि मग मी ते वाक्य बोलले, जे कुठल्याच वहीत नव्हतं. मी म्हटलं, असल्या माणसाचा हात प्रभूच्या ताटाला लागला, तर तोंडात जायच्या आधीच भाकर विटाळेल.

ते वाक्य सुचायला मला क्षणही लागला नाही. दहा वर्षं मी ते दर महिन्याला स्वतःला ऐकवत होते, म्हणून त्याला एवढी धार होती. हॉलभर टाळ्यांचा कडकडाट झाला. मी काकांकडे पाहिलं. त्यांचा हात घंटेवर होता, नजर माझ्यावर. घंटा वाजली नाही. मला वाटलं, काकासुद्धा रंगलेत. मी आणखी बोलले, आणखी बोलले. सात मिनिटांची एकोणीस झाली.

तेवढ्यात मंडपवाले दोन सोनेरी खुर्च्या डोक्यावर घेऊन आत शिरले. साडेपाच वाजून गेले होते. साखरपुड्याकडचे लोक दारात अत्तर लावून उभे. पाळकसाहेबांनी घाईघाईने आशीर्वाद उच्चारला, परीक्षकांना परतीची घाई होती म्हणून ढाल तिथल्या तिथे माझ्या हातात पडली. पालट राहिलाच. मी दोघा-तिघांना हसत हसत म्हटलंही, अहो अर्धाच वाद झालाय. त्यांनी सांगितलं, आता काय उरलंय, सगळं बोललीस की. पंचांपैकी सर्वांत म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला खोटं बोलायचं नाही, त्या संध्याकाळी मला फार छान वाटलं होतं.

दुसरा दिवस पहिल्या रविवारचा. मेजावरचं कापड नीट इस्त्रीचं होतं, पण ताटातले तुकडे वेडेवाकडे. ते पाळकसाहेबांच्या पत्नीने कापले होते. मी मागे वळून पाहिलं तर काका शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. एकेक बाक उठत गेला. शेवटचा बाक उठला. काका बसून राहिले. त्यांनी दोन्ही हात गीतपुस्तकाखाली ठेवले होते.

ते झाकलेले हात पाहिले आणि मला माझंच कालचं वाक्य आठवलं. घंटा का वाजली नाही ते मला तिथे, भाकर तोंडात असताना कळलं. रिक्षात आई म्हणाली, त्यांना बरं नसेल. पुढच्या महिन्यातही काका बसूनच राहिले, आणि या वेळी कुजबुज सुरू झाली. मेजाच्या कपाटाची किल्ली त्यांनी साहेबांना देऊन टाकल्याचंही कळलं.

मी सुतळी बांधलेली वही घेतली आणि ओझरची बस पकडली. काकांच्या क्वार्टरमध्ये सगळं जागच्या जागी होतं, चहाचे कपसुद्धा दांड्या एका दिशेला करून मांडलेले. त्यांनी चहा टाकला. मी वाटभर जुळवलेलं सगळं विसरून गेले आणि एवढंच बडबडले की पालट राहिला होता, ती नुसती चिठ्ठीतली बाजू होती, मी दुसरी पण लिहून आणली आहे. काकांनी वहीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात माणसं हवी आहेत, एक तारखेनंतर ते बदलीचा अर्ज देणार आहेत. तीस वर्षं ज्या मेजाची सेवा केली त्याच्यासमोर आता बसवत नाही.

“काका, ते खरं नव्हतं,” मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. “चिठ्ठीतली बाजू एवढी पाठ नसती, बाळा,” ते म्हणाले. “तू लय मनापासून बोलली.”

त्यांना वाटत होतं, मी ते त्यांच्याबद्दल मनापासून बोलले. ते मनापासून कुणाबद्दल होतं हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य गिळून मी चहा तसाच टाकून निघाले आणि परतीच्या बसमध्ये स्वतःला मिळतील तेवढ्या शिव्या दिल्या. नाशिक येईपर्यंत रडू संपलं होतं आणि राग चढला होता. राग चढला की मला सुचतं.

शोकेसमधली ढाल पिशवीत घालून मी पाळकसाहेबांकडे गेले आणि त्यांच्या टेबलावर आपटलीच. म्हटलं, ही माझी नाही, मी अर्धीच कमावली आहे, परत घ्या, नाहीतर मला पालट द्या. साहेब म्हणाले, पंच आता या विषयाचं नाव काढू देणार नाहीत. मी म्हटलं, मग नियम मोडला म्हणून सांगा सगळ्यांना. आमचं अर्धा तास वाजलं. ते स्वतः अशा संबंधांना पापच मानत आणि ते त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, त्यावर आपण आयुष्यभर भांडू, पण आत्ता प्रश्न ओढीचा आहे. शेवटी त्यांनी ढालीकडे बघत दाढी खाजवली. पालट हा वक्त्याचा हक्क आहे, म्हणाले, तो बुडवता येणार नाही. पहिल्या रविवारी प्रभुभोजनाआधी साक्षीची वेळ असते, कुणीही उठून आपला अनुभव सांगायची, त्यात बोल, पण सातच मिनिटं. मी काकांना चिठ्ठी पाठवली: घंटा तुम्हीच वाजवायची आहे, नाहीतर मी पुन्हा एकोणीस मिनिटं बोलेन.

त्या रविवारी सकाळी माझ्या हातापायांत अशी काही वीज खेळत होती की साडीच्या निऱ्या तीनदा सुटल्या. आईला वाटलं, मला बघायला कुणी येणार आहे. चर्चमध्ये शिरताना पाहिलं, काका शेवटच्या बाकावर होते. घंटा मात्र पुढे, मेजाशेजारच्या स्टुलावर होती. साहेबांनी माझं नाव पुकारून सांगितलं की वादविवादाचा पालट राहिला होता, तो आता होईल. दोन पंच एकमेकांकडे बघू लागले. मी उठले. जाड वही बाकावरच राहिली. परत जाऊन आणायचं मनातही आलं नाही.

काका शेवटच्या बाकावरून उठून पुढे आले, स्टुलाशी उभे राहिले, घड्याळ काढून मेजाच्या कडेला ठेवलं. मी सुरुवात केली.

मी येशूने रानात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपासापासून सुरू केलं. प्रभूला भूक लागली होती, सैतानाने समोर मोह ठेवला, एकदा नाही तीनदा, आणि तरी तो निष्पाप असं आपण दर रविवारी म्हणतो. मोह येणं हेच जर पाप, तर मग आपण कुणापुढे गुडघे टेकतो आहोत, मेज उचला आणि घरी चला. दाराची कडी कुणीही वाजवतं, कडी वाजली म्हणून घरमालकावर खटला भरत नाहीत, म्हटलं. उंदराचा विनोद मी परत घेतला. नासलेलं दूध परत घेतलं. लोक गंभीर होऊन ऐकत होते, पण ते वादविवादाचं ऐकणं होतं, गुण द्यायला बसल्यासारखं. काका खाली घड्याळाकडे बघत होते. मला दिसलं की हे पुरणार नाही. नुसतं चांगलं बोलून मी त्यांना मेजापासून उठवलं होतं, नुसतं चांगलं बोलून परत आणता येणार नव्हतं.

“हे मी परदेशातल्या कुणाबद्दल बोलत नाहीये,” मी म्हटलं. “ही ओढ मला आहे. सतराव्या वर्षापासून. तेव्हापासून दर महिन्याला मी या मेजाशी येते आणि या हाताने ताटातली भाकर घेते. ती विटाळत असती, तर तुम्ही सगळे दहा वर्षं विटाळलेलीच खात आला असतात.”

तिसऱ्या बाकावर आई पदराचं टोक हातात धरून बसली होती. मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी असा काही आनंद झाला, छाती फुटेल की काय असा, अकरावीतल्या त्या गीतपुस्तकानंतर पहिल्यांदाच. मी पुढचं वाक्य सुरू केलं.

टण्.

शब्दाच्या मधोमध. सात मिनिटं झाली होती. काय म्हणणार होते ते मला आजही आठवत नाही.

पुढे बरंच झालं. तीन घरं आमचं चर्च सोडून गेली. आई आठवडाभर माझ्याशी फक्त स्वयंपाकापुरतं बोलली. पाळकसाहेबांशी माझा वाद त्यांच्या निवृत्तीपर्यंत चालू राहिला, आणि आज मी त्या दिवसाच्याही पुढे गेले आहे. माणसावर जीव लावण्याला सरसकट मोह तरी का म्हणायचं, हा माझा आताचा प्रश्न आहे. काकांनी स्वतःबद्दल मला कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बदलीचा अर्ज त्यांनी दिला नाही, एवढं मला माहीत आहे.

पण त्या रविवारी घंटा वाजल्यावर काय झालं ते सांगायचं राहिलं. काकांनी घड्याळ मनगटाला बांधलं. मग ते शेजारच्या खोलीत गेले, नळाचा आवाज आला, आणि हात पुसत ते परत येऊन ताटाशी उभे राहिले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि प्रार्थना सुरू केली. प्रार्थना संपली तरी कुठलाच बाक हलला नाही. मी एकटीच पुढे जाऊन गुडघे टेकले. मागे कुणी उठल्याची चाहूल नव्हती. मी डोळे मिटून घेतले.

मग साडीची सळसळ ऐकू आली आणि कुणीतरी मला कोपराने ढोसलं.

“सरक जरा,” आई म्हणाली आणि माझ्या शेजारी गुडघे टेकून तिने काकांपुढे हात पसरला.